लोणारचे गुलाबी पाणी आणि ‘उपयोग काय?’ हा प्रश्न

या स्मरणिकेत प्रतिवर्षी एक तरी ऐतिहासिक लेख असावा, असा आपल्या मंडळाचा परिपाठ आहे. कुलदैवते, जुनी वतनपत्रे, निजामी अमदानीत आपल्या वडीलधाऱ्यांनी विद्येसाठी सोसलेले कष्ट, हैदराबाद मुक्तिसंग्रामातील आपल्या बांधवांचा सहभाग, या विषयांवर येथे वेळोवेळी लिहिले गेले आहे व ते योग्यच झाले. जी ज्ञाती आपला पूर्वेतिहास विसरते तिला पुढची वाट दिसत नाही. परंतु यंदा आम्ही ज्या इतिहासाकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो तो कोणा कुळाचा वा गावाचा नव्हे. तो डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांचा आणि त्यांच्या अभ्यासात आयुष्ये वेचणाऱ्या माणसांचा आहे. तो लिहिण्यास आम्ही का प्रवृत्त झालो, हे प्रथम सांगितले पाहिजे. कारण त्यात आमची एक चूक आहे आणि ती झाकून पुढचे लिहिणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

गतवर्षी मंडळाच्या शिष्यवृत्तीसाठी ज्या मुलाखती झाल्या त्यांत बालाघाटाच्या डोंगरातील एका खेड्यातून आलेली एक कन्या होती. तिचे नाव येथे देत नाही. तिचे आईवडील दरवर्षी दिवाळीनंतर कोयत्यावर जातात. मागे राहिलेल्या धाकट्या भावंडांना सांभाळून ती बी.एस्सी.ला प्रथम वर्गात उत्तीर्ण झालेली. तिने अर्ज केला होता तो जीवभौतिकी या विषयात एम.एस्सी. करण्यासाठी. आपल्या नियमावलीत वैद्यकी, अभियांत्रिकी, अध्यापन आणि परिचर्या एवढेच अभ्यासक्रम नमूद आहेत. आमच्यापैकी एकाने तिला विचारले, “बाळ, याचा उपयोग काय?” ती म्हणाली, “काका, २०२० साली लोणारचं पाणी गुलाबी झालं होतं. तेव्हा मी शाळेत होते. ते का झालं ते मला नीट समजून घ्यायचं आहे.” आम्ही हसलो, आणि अर्जावर ‘नियमात बसत नाही’ असा शेरा मारला. उठताना ती एवढेच बोलली, “उपयोग काय ते शिकल्याशिवाय कसं कळंल, काका?”

त्या प्रश्नाने आम्हांस स्वस्थ बसू दिले नाही. ज्या विषयाचा उपयोग आम्ही तिला विचारला, त्याविषयी आम्हांस स्वतःस काडीइतकेही ज्ञान नव्हते. म्हणून गेले वर्षभर सवडीप्रमाणे आम्ही या विषयाचा इतिहास वाचला. जे हाती लागले ते ज्ञातिबंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत.

लोणार

माजलगावाहून परतूर, मंठा या वाटेने उत्तरेकडे गेले की जालना जिल्हा ओलांडताच बुलढाणा जिल्ह्यातील लोणार येते. आपल्यापैकी पुष्कळांनी तेथील गोमुखाच्या धारेखाली स्नान केले असेल, दैत्यसूदनाचे मंदिर पाहिले असेल आणि खाली काठावरच्या कमळजादेवीला नारळ वाहिला असेल. आकाशातून आलेल्या अशनीच्या आघाताने काळ्या पाषाणात पडलेले हे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद व दीडशे मीटर खोल आहे. तळाशी साचलेले पाणी इतके खारे व क्षारयुक्त आहे की तेथे मासा जगत नाही. ‘आईन-इ-अकबरी’च्या काळीही येथील क्षार काच व साबण करण्याच्या कामी येत.

जून २०२० मध्ये, टाळेबंदीच्या दिवसांत, हे एरवी हिरवे दिसणारे पाणी गुलाबी झाले. कोणी त्यास दैवी कोप म्हटले, कोणी चमत्कार. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची दखल घेतली, पाण्याचे नमुने तपासले गेले आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने कारण सांगितले. पाऊस होण्यापूर्वी पाणी आटून क्षारता वाढली होती, उष्णताही होती. अशा पाण्यात मीठप्रिय सूक्ष्मजीवांची अतोनात वाढ झाली व त्यांच्या अंगच्या लालसर रंगद्रव्याने पृष्ठभाग गुलाबी दिसू लागला. हे जीव तळाशी बसताच पाणी पुन्हा पूर्ववत झाले. त्याच वर्षी लोणारची गणना रामसर करारातील पाणथळ स्थळांत झाली.

वृत्तपत्रांतील चर्चा येथे संपली. परंतु ज्या कुळातील हे जीव, त्याच कुळातील एका जीवाने जीवभौतिकी या शास्त्राचा एक मोठा दरवाजा उघडून दिला आहे, हे आम्हांस ठाऊक नव्हते. ती कथा समजण्यासाठी आधी थोडे मागे जावे लागते.

हिरव्या पानापलीकडे

झाड सूर्यप्रकाश घेऊन पाणी व कर्बवायू यांपासून आपले अन्न तयार करते व प्राणवायू सोडते, हे आपण शाळेत शिकलो. यालाच प्रकाशसंश्लेषण म्हणतात. ही विद्या केवळ हिरव्या पानालाच अवगत आहे, असा समज पुष्कळ काळ होता. १८८०च्या दशकात एंगेलमान या जर्मन शास्त्रज्ञाने सूक्ष्मदर्शकाखाली काही जांभळे जिवाणू पाहिले. ते प्रकाशाकडे गोळा होत. इतकेच नव्हे तर मानवी डोळ्यास न दिसणारा अवरक्त प्रकाशही त्यांना ओढी. परंतु ते प्राणवायू सोडताना आढळेनात. मग त्यास प्रकाशसंश्लेषण म्हणावे की नाही, यावर पन्नास वर्षे वाद चालला.

तो वाद मिटविला कॉर्नेलिस व्हान नील या डच शास्त्रज्ञाने. हॉलंडातून कॅलिफोर्नियाच्या समुद्रकाठच्या एका छोट्या प्रयोगशाळेत येऊन त्याने चिखलातील जांभळे व हिरवे गंधक-जिवाणू वाढविले व १९३१ साली आपले अनुमान प्रसिद्ध केले. झाड पाणी फोडते, म्हणून प्राणवायू बाहेर पडतो; हे जिवाणू पाण्याऐवजी सडक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड वायू फोडतात, म्हणून त्यांच्याजवळ प्राणवायू न निघता गंधक साचते. रीत एकच, कच्चा माल निराळा. यावरून त्याने असेही ताडले की झाडाने सोडलेला प्राणवायू कर्बवायूतून न येता पाण्यातून येत असला पाहिजे. पुढे १९४१ साली रुबेन व केमेन यांनी ऑक्सिजनचा जड प्रकार वापरून ते सिद्ध केले. तात्पर्य, आपण घेतो त्या प्रत्येक श्वासाचे मूळ एका मनुष्यास सापडले ते दुर्गंधीयुक्त चिखलातील जंतूंकडे पाहून. व्हान नीलला ‘उपयोग काय?’ असे विचारणारा कोणी भेटला असता तर त्याने काय उत्तर दिले असते?

केंब्रिजमधील एक मराठी कन्या

याच सुमारास आपल्या महाराष्ट्रातील एका विदुषीचा या इतिहासाशी जो संबंध आला तो प्रत्येक मातापित्याने वाचण्यासारखा आहे. कमला भागवत, म्हणजेच पुढे प्रसिद्धीस आलेल्या डॉ. कमला सोहोनी, या मुंबई विद्यापीठात १९३३ साली पहिल्या आल्या. त्यांचे वडील नारायणराव व चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ, बंगळुरूच्या टाटा विज्ञानसंस्थेत शिकलेले. कन्येनेही तेथेच अर्ज केला. संस्थेचे प्रमुख होते नोबेल पारितोषिकविजेते सर चंद्रशेखर वेंकट रामन. त्यांनी मुलगी आहे म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाईंनी माघार घेतली नाही. त्या बंगळुरूस गेल्या, कारण विचारले, आणि सत्याग्रहाच्या निश्चयाने बसल्या. अखेर एक वर्ष परीक्षेदाखल म्हणून, अनेक अटी घालून, त्यांना घेण्यात आले. वर्ष संपले तेव्हा रामन यांची खात्री पटली व पुढे त्या संस्थेची दारे मुलींना उघडली.

बंगळुरूहून त्या केंब्रिजला गेल्या. तेथे रॉबिन हिल यांच्याजवळ त्यांनी वनस्पतींच्या पेशींचा अभ्यास केला. हे हिल म्हणजे पानातील हरितकण बाहेर काढून त्यांच्याकडून प्रकाशात प्राणवायू निर्माण करवून दाखविणारे, या क्षेत्रातील अग्रगण्य पुरुष. कमलाबाईंनी बटाट्यात ‘सायटोक्रोम सी’ नावाचे प्रथिन असल्याचे दाखविले. अवघ्या चाळीस पानांचा प्रबंध लिहून १९३९ साली त्यांनी पीएच.डी. मिळविली. विज्ञानात ही पदवी मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांत त्यांची गणना होते. स्वदेशी परतून त्यांनी नीरा, कडधान्ये अशा गोरगरिबांच्या अन्नावर संशोधन केले.

सायटोक्रोम सी हे काय काम करते? पेशीत विजेचे सूक्ष्म कण, म्हणजे इलेक्ट्रॉन, एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पोहोचविण्याचे ते हमालच होय. वाचकांनी हे नाव ध्यानात ठेवावे. पुढे त्याच्या कुळातील एक भाऊबंद आपणांस भेटणार आहे, आणि तोही एका जांभळ्या जंतूच्या अंगावर.

तेलकट भिंतीतील दरवाजे

आता या इतिहासातील मुख्य अडचण. प्रत्येक पेशीभोवती एक अतिशय पातळ स्निग्ध पटल असते. घराला जशी भिंत, तसे पेशीला पटल. भिंतीत दारे, खिडक्या, रहाट, चाळणी हे सर्व असावे लागते, अन्यथा आत जगणाऱ्याचा कोंडमारा होईल. पटलातील ही दारे व रहाट म्हणजे प्रथिने. सूर्यप्रकाश पकडणारी यंत्रणाही अशाच पटलात बसविलेली असते.

एखादे यंत्र कसे चालते हे समजण्यास ते उघडून पाहावे लागते. प्रथिन उघडून पाहण्याची रीत अशी की त्याचे खडीसाखरेसारखे स्फटिक करावयाचे व त्यांवर क्ष-किरण टाकून आतील अणूंची मांडणी गणिताने काढावयाची. पाण्यात विरघळणाऱ्या प्रथिनांच्या बाबतीत हे साधले; स्नायूंतील व रक्तातील प्रथिनांची रचना अशीच उलगडून केंड्र्यू व पेरुट्झ यांनी १९६२चे नोबेल पारितोषिक मिळविले. परंतु पटलातील प्रथिने तेलकट. ती पटलातून काढून पाण्यात टाकावी तर गोळा होऊन बसतात, आणि साबणासारख्या द्रव्याने विरघळवावी तर त्या साबणाचे वेष्टन त्यांना एकमेकांशेजारी शिस्तीने बसू देत नाही. तुपाच्या थेंबांची खडीसाखर करावी तसे हे काम! पुष्कळ विद्वानांनी ते अशक्यच ठरविले होते.

१९६८ साली अमेरिकेतील रीड व क्लेटन यांनी जांभळ्या जिवाणूच्या पटलातून प्रकाशाचे रूपांतर विजेत करणारा भाग, ज्यास अभिक्रिया-केंद्र म्हणतात, तो वेगळा काढला. पण तो आतून दिसतो कसा, हे कोणासच ठाऊक नव्हते.

आपल्याकडेही या पटलांचा अभ्यास चालू होता. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात प्रफुल्लचंद्र विष्णु साने व त्यांचे सहकारी टाटके यांनी पानातील पटलांवर मोठे मार्मिक काम केले. पानाला प्रकाश दाखवून ते गोठवावयाचे आणि अंधारात हळूहळू तापवावयाचे. पटलात अडकून राहिलेल्या विद्युत्कणांची पुनः गाठ पडते व पान क्षीण प्रकाश परत देते. कोणत्या तापमानाला किती प्रकाश परत आला, यावरून आतील यंत्रणेची पारख होते. डॉ. साने पुढे लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेचे संचालक झाले व निवृत्तीनंतर जळगावी शेतीसंशोधनात रमले.

मिठागरातील जांभळे पटल

आणि आता लोणारच्या जीवांचा भाऊबंद. मिठागरात, खारवलेल्या मासळीवर व मृत समुद्रासारख्या क्षारसरोवरांत वाढणारा हॅलोबॅक्टेरियम नावाचा एक सूक्ष्मजीव आहे. नावात बॅक्टेरियम असले तरी तो खरा जिवाणू नव्हे. १९७७ नंतर शास्त्रज्ञांनी अशा जीवांचे एक स्वतंत्र कुळच मानले आहे. कॅलिफोर्नियात वॉल्थर स्टोकेनियस हे त्याच्या पटलाचा अभ्यास करीत होते. पटलाचे काही तुकडे जांभळे दिसत, त्याचा उलगडा होईना. १९६९ साली डीटर ऑस्टरहेल्ट हे तरुण जर्मन रसायनज्ञ तेथे आले. त्यांना आढळले की हा जांभळा रंग ‘रेटिनल’ या द्रव्याचा आहे. रेटिनल म्हणजे ‘अ’ जीवनसत्त्वापासून होणारे, आपल्या डोळ्यात प्रकाश टिपणारे तेच द्रव्य! ज्यास डोळा नाही अशा मिठागरातील क्षुद्र जीवापाशी डोळ्यातील द्रव्य कशाला, असा प्रश्न उभा राहिला. १९७१ साली दोघांनी हा शोध प्रसिद्ध केला व त्या प्रथिनास ‘बॅक्टेरियोऱ्होडॉप्सिन’ असे नाव दिले.

ते प्रथिन पाहण्याच्या कामी येत नव्हते. ते होते प्रकाशावर चालणारा रहाट. प्रकाश पडला की ते पेशीच्या आतील प्रोटॉन उपसून बाहेर टाकते. बाहेर साचलेले प्रोटॉन परत आत येऊ पाहतात आणि धरणाच्या पाण्याने जनित्र फिरावे तसे त्यांच्या ओघाने पेशीचे दुसरे एक यंत्र फिरून पेशीला लागणारी शक्ती तयार होते. इंग्लंडातील पीटर मिचेल याने १९६१ साली ही कल्पना मांडली तेव्हा तिची उपेक्षा झाली होती. १९७४ साली रॅकर व स्टोकेनियस यांनी कृत्रिम पटलात मिठागरातील जीवाचा हा रहाट व बैलाच्या हृदयातील ते शक्ती-यंत्र शेजारी शेजारी बसविले व प्रकाश टाकला. शक्ती निर्माण झाली. जंतू कोठला, बैल कोठला, पण एकाचे पाणी दुसऱ्याच्या चाकाला लागले! मिचेल यांस १९७८ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

एक गोष्ट येथे स्पष्ट केली पाहिजे. या जीवांपाशी हरितद्रव्य नाही व या रहाटाने ते कर्बवायूपासून अन्नही करीत नाहीत. म्हणून त्यांच्या क्रियेस झाडासारखे प्रकाशसंश्लेषण म्हणत नाहीत. लोणारच्या पाण्यास रंग आला तोही मुख्यतः गाजरातील रंगाच्या जातीच्या द्रव्यांमुळे. परंतु प्रकाशापासून शक्ती मिळविण्याची ही सर्वांत साधी रीत होय, आणि साधे यंत्र हाती आले म्हणजे अवघड यंत्राचा मार्ग सापडतो.

तसेच झाले. केंब्रिजमध्ये हेंडरसन व अन्विन यांनी १९७५ साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने या प्रथिनाचे पहिले चित्र मिळविले. पटलाच्या आरपार उभे असलेले सात मळसूत्री खांब त्यात दिसले. हेंडरसन त्यावर थांबले नाहीत. अणूंपर्यंतचा नकाशा त्यांनी १९९० साली पूर्ण केला. या एकाच प्रथिनामागे पंधरा वर्षे! त्या तपश्चर्येतून सूक्ष्मदर्शनाची जी नवी पद्धत विकसित झाली तिच्यासाठी २०१७ साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

अशक्य ते स्फटिक

ऑस्टरहेल्ट यांच्या हाताखाली हार्टमुट मिशेल नावाचा तरुण काम करीत होता. बॅक्टेरियोऱ्होडॉप्सिनचे नमुने थंडीत गोठविले असता त्यांत काचेसारखे घन कण दिसतात, असे त्याच्या नजरेस आले. दुसरा कोणी असता तर नमुना बिघडला म्हणून फेकून देता. मिशेलने मात्र विचार केला की पटलातील प्रथिने जर अशी घन होऊ शकतात, तर त्यांचे स्फटिकही झाले पाहिजेत. त्याने निराळ्या, आखूड साबणद्रव्यांचा शोध घेतला. या प्रथिनाचे चांगले स्फटिक काही केल्या होईनात, तेव्हा त्याने व्हान नीलच्या वाटेवरचा एक जांभळा जिवाणू, ऱ्होडोस्यूडोमोनास व्हिरिडिस, हाती घेतला. १९८१ साली जर्मनीतील मार्टिन्सरीड येथे त्याला त्याच्या अभिक्रिया-केंद्राचे सुंदर स्फटिक मिळाले. क्ष-किरणांचे काम योहान डायझेनहोफर यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी रॉबर्ट ह्यूबर यांच्या विभागात केले. १९८५ पर्यंत दहा हजारांहून अधिक अणूंची मांडणी उलगडली. १९८८चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक या तिघांना विभागून देण्यात आले.

काय दिसले त्यांना? पटलाच्या आरपार अकरा मळसूत्री खांब. त्यांच्या मधोमध हरितद्रव्याच्या जातीचे रेणू देवळातील दीपमाळेप्रमाणे दोन बाजूंनी मांडलेले. प्रकाश वरच्या जोडीवर पडताच तिच्यातून एक इलेक्ट्रॉन निघतो आणि सेकंदाच्या एक लक्ष कोटी भागांपैकी अवघ्या तीन भागांत पुढच्या रेणूवर जातो. जवळजवळ एकही प्रकाशकण वाया जात नाही. रिकाम्या झालेल्या जागी नवा इलेक्ट्रॉन आणून देतो कोण? केंद्राच्या माथ्यावर बसलेले एक सायटोक्रोम! कमलाबाईंनी बटाट्यात पाहिलेल्या प्रथिनाच्याच कुळातील ते. केंब्रिजमधील एका मराठी कन्येचे चाळीस पानांचे काम आणि मार्टिन्सरीडचे स्फटिक यांत अर्धशतकाचे अंतर. पण कोडे एकच.

उपयोग

आता आमच्या प्रश्नाचे उत्तर. आपल्या जिल्ह्यातील हजारो कुटुंबे उसाच्या फडांत राबतात. उसातील तण मारण्यासाठी ॲट्राझीन नावाचे औषध फवारतात, हे ऊसवाल्यांना माहीत आहे. ते तण कसे मारते? तणाच्या पानातील पटलात इलेक्ट्रॉनची ने-आण करणारा एक रेणू जेथे बसतो ती जागा ते अडवून धरते. मग प्रकाश असूनही पान उपाशी मरते. ती जागा कशी असते व याच जातीचे औषध तीत नेमके कसे रुतते, हे प्रथम अणूंच्या पातळीवर पाहिले गेले ते मिशेल यांच्या जांभळ्या जिवाणूत.

घरोघरी आता रक्तदाबाच्या गोळ्या आहेत, दम्याचे फवारे आहेत. त्यांतील कित्येक पटलातील सात खांबी प्रथिनांवरच काम करतात. माणसाच्या या प्रथिनांची रचना ठाऊक नव्हती त्या काळात संशोधक मिठागरातील प्रथिनाचा नमुना समोर ठेवून त्यांचा अंदाज बांधीत. आणि २०२१ साली असे प्रसिद्ध झाले की कित्येक वर्षे आंधळ्या असलेल्या एका मनुष्याच्या डोळ्यात शैवालातील प्रकाशग्राही प्रथिन, म्हणजे मिठागरातील त्या प्रथिनाचे दूरचे नातलग, तयार करणारे जनुक सोडण्यात आले, आणि विशेष चष्म्याच्या साहाय्याने तो टेबलावरील वस्तू हाताने दाखवू व मोजू शकला. पुरते डोळे आले नाहीत. पण अंधार थोडा फाटला. ऑस्टरहेल्ट यांस त्याच वर्षी अमेरिकेचे मानाचे लास्कर पारितोषिक देण्यात आले. पुढच्या वर्षी ते निवर्तले. १९६९ साली मिठागरातील जांभळ्या तुकड्यांकडे पाहणाऱ्या त्या तरुणास ‘उपयोग काय?’ असे कोणी विचारले असते, तर त्याच्यापाशीही उत्तर नव्हते. ते येण्यास पन्नास वर्षे लागली.

आमची विनंती

ज्ञातिबंधुभगिनींनो, वैद्य, अभियंते, शिक्षक व परिचारिका यांची समाजास गरज आहे, याविषयी दुमत नाही. ज्या काळी आपली नियमावली झाली त्या काळी कुटुंबात एक मिळवता हात लवकरात लवकर उभा राहणे हेच शिष्यवृत्तीचे ध्येय होते, आणि ज्यांनी ती केली त्यांस आम्ही दोष देत नाही. परंतु फळ हाती येईल तेच झाड लावावयाचे, असे आपल्या पूर्वजांनी म्हटले असते तर आज आपल्या बांधावर एकही जुना आंबा उभा नसता. आंबा लावणारा स्वतःसाठी लावीत नाही.

आम्हांस कोणी म्हणेल की कोयत्यावर जाणाऱ्या घरातील मुलीने असली चैन का करावी. तिने आधी पोटाचे पाहावे. या आक्षेपात तथ्य आहे, आणि म्हणूनच तो भार तिच्या एकटीच्या डोक्यावर टाकू नये, असे आमचे म्हणणे आहे. श्रीमंताच्या मुलास शुद्ध विज्ञान शिकण्यास मंडळाची गरज नाही. ज्याचे पोट व ज्याची जिज्ञासा यांत झगडा आहे त्याच्यासाठीच तर शिष्यवृत्ती असते. कमलाबाईंच्या पाठीशी शिकलेले वडील व चुलते होते. आपल्या या कन्येच्या पाठीशी तिचे काका म्हणून आपणच आहोत, आणि तिने आम्हांस त्याच नावाने हाक मारली होती.

ती सध्या तालुक्याच्या गावी एका खासगी शाळेत अल्प वेतनावर शिकविते. यंदा तिने पुनः अर्ज केला आहे. तोच विषय, तेच हस्ताक्षर. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे आम्ही असा ठराव मांडणार आहोत की शिष्यवृत्तीच्या नियमावलीत शुद्ध विज्ञानाच्या पदव्युत्तर अभ्यासाचा समावेश करावा व प्रतिवर्षी किमान एक शिष्यवृत्ती त्यासाठी राखून ठेवावी. ठरावास विरोध करणाऱ्यांचाही आम्ही आदर करू. मात्र त्यांनी आधी हा लेख वाचावा, एवढीच प्रार्थना.

मुलांसाठी जाता जाता एक प्रयोग. काचेच्या उंच बरणीत तळ्याकाठचा काळा, वासाचा गाळ भरावा; त्यात फाटक्या वर्तमानपत्राचे तुकडे व उकडलेल्या अंड्याचा थोडा पिवळा बलक कालवावा; वर तळ्याचेच पाणी घालून बरणी सैल झाकावी व उजेडाच्या खिडकीत ठेवावी. हात साबणाने धुवावेत. काही आठवड्यांनी गाळात हिरवे व जांभळे पट्टे उमटू लागतात. व्हान नीलचे व मिशेलचे जिवाणू ते हेच, किंवा त्यांचे सगेसोयरे. तुमच्या घरच्यांनी “याचा उपयोग काय?” असे विचारल्यास रागावू नका. त्यांना बरणीजवळ बसवा आणि सांगा की थांबा, अजून पट्टे यावयाचे आहेत.

इत्यलम्.